बीटी कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट: बोंडअळीच्या बाजूने एक परीक्षण

इंदुरात राहून निमाडातली शेती बघणारी मराठी घरं बरीच आहेत. जमीन कसरावद, सनावद किंवा महेश्वरकडे, बटाईदार तिथे, आणि बियाण्याची खरेदी मात्र इथल्या दुकानांतून. काउंटरवर चर्चा होते ती बोंडाच्या आकाराची, वेचणी सोपी की अवघड याची, गेल्या वर्षी कुठल्या वाणाने एकरी किती क्विंटल दिले याची. हे परीक्षण कुठल्याही एका वाणाचं नाही. सगळ्या कंपन्यांच्या पाकिटांत जे सामाईक आहे त्याचं आहे: झाडातच तयार होणाऱ्या, अळी मारणाऱ्या दोन विषप्रथिनांचं ‘बीजी-टू’ तंत्र, आणि त्यात मिसळलेले मूठभर बिगर-बीटी, म्हणजे ही प्रथिनं नसलेले, दाणे.

निकाल आधीच सांगून टाकू. अमेरिकन बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळी यांच्यासाठी पाकिटाचे पैसे वसूल होतात. गुलाबी बोंडअळीसाठी या पाकिटाकडून काहीही अपेक्षा ठेवू नका. तिच्यासाठी लवकर संपणारा वाण, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) आणि डिसेंबरात शेत मोकळं करणं, एवढंच हातात आहे. एकाच विषाचा एका अळीवर परिणाम टिकला आणि दुसरीवर संपला, हे कसं, ते कळलं तर पाकीट कसं वापरायचं तेही कळतं.

पाकिटात काय असतं

वजन ४७५ ग्रॅम. २०२५ च्या हंगामासाठी केंद्राने बीजी-टूची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली होती. त्याआधीच्या वर्षी ती ८६४ होती. चालू हंगामाच्या कमाल किमतीपेक्षा जास्त मागितले तर दुकान बदला. शंभर दाण्यांचं वजन साधारण ८ ते १० ग्रॅम धरलं तर पाकिटात पाच हजारांच्या आसपास दाणे बसतात. ४ × २ फुटांवर टोकण केली तर एकरात ५,४४५ झाडं लागतात, म्हणजे एका पाकिटात एक एकर जेमतेम. ४ × १.५ फुटांवर ७,२६० झाडं, तिथे दीड पाकीट हाताशी हवं. दाण्यांवर कीटकनाशकाचा रंगीत थर असतो. मावा, तुडतुडे यांना तो सुरुवातीचे काही आठवडे थोपवतो. बीटी प्रथिनाचा या रसशोषक किडींशी काही संबंध नाही, तरी ‘बीटी लावली, तुडतुडे का आले?’ ही तक्रार दर जुलैत ऐकू येते.

दाण्यांतले निदान ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, बिगर-बीटी असतात. रंगाने, आकाराने ते ओळखू येत नाहीत, आणि तसंच अपेक्षित आहे. पूर्वी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. नियम असा होता की बीटीभोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर फेकली गेली. शेतकऱ्याला एकट्याला दोष देता येत नाही: अळीला खाऊ घालण्यासाठी वीस टक्के जमीन सोडा असं सांगणाऱ्याने त्याचं कारण कधी समजावलंच नाही, आणि पुडीतलं बियाणंही अनेकदा उगवणीला हलकं किंवा वेगळ्या मुदतीचं निघायचं. म्हणून आता दाणे मिसळूनच येतात. इच्छा असो वा नसो, साधारण दर १९-२० झाडांमागे एक झाड बिगर-बीटी उगवतं.

विष कसं मारतं

पाकिटातल्या बीटी दाण्यांत मातीतल्या एका जिवाणूची दोन जनुकं असतात: क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात हे प्रथिन सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना चिकटतं, पेशींना भोकं पाडतं. अळी काही तासांत खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. क्राय-१-एसी ज्याला चिकटतं त्यात कॅडहेरिन नावाचं प्रथिन मुख्य. क्राय-२-एबीचा ग्राहक वेगळा. माणसाच्या किंवा म्हशीच्या आतड्यात हे ग्राहक नाहीत.

ज्या अळीच्या कॅडहेरिन जनुकात आधीपासूनच बिघाड आहे तिच्या आतड्यात विषाला चिकटायला जागाच राहत नाही. अशी अळी बीटी येण्याच्या आधीही शेतात होती, लाखोंमध्ये एखादी. ती विषामुळे तयार झाली नाही. काउंटरवर सांगतात की ‘अळीला विषाची सवय झाली’. तसं होत नाही. कुठलीही एक अळी बीटी खाऊन खाऊन घट्ट होत नाही. ती मरते किंवा जगते. बदलते ती अळ्यांची संख्यावाटणी: मरणाऱ्यांची पिल्लं होत नाहीत, जगणाऱ्यांची होतात, आणि बिघडलेलं जनुक पुढच्या पिढीत जास्त अळ्यांमध्ये सापडतं. नैसर्गिक निवड म्हणतात ती एवढीच गोष्ट. तिला तीन गोष्टी पुरतात: अळ्या-अळ्यांमध्ये फरक असणं, तो फरक पिल्लांत उतरणं, आणि त्या फरकामुळे कुणाची पिल्लं जास्त जगणं. शेतकऱ्याने तिसरी अट स्वतःच्या खर्चाने पुरवली.

यात नवं काही नव्हतं. चुना-गंधकाच्या फवाऱ्याला फळझाडांवरची खवले कीड दाद देईनाशी झाली, तेव्हा कीटक फवाऱ्याला प्रतिकारक होऊ शकतात का, हा प्रश्न अमेरिकेतल्या मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच विचारला होता.

दोन अळ्या, एकच शेत

हे तंत्र खरंच तपासायचं असेल तर प्रयोगशाळेची गरज नाही, निमाडातलं एक शेत पुरे. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, तेव्हा फक्त क्राय-१-एसी होतं. २००६ साली दुसरं प्रथिन जोडलेलं बीजी-टू आलं. त्या दिवसापासून अमेरिकन आणि गुलाबी, दोन्ही बोंडअळ्या तेच विष खात आहेत. अमेरिकन अळी आजही बीटीवर बहुतांशी मरते. गुलाबीने क्राय-१-एसीला दाद देणं थांबवल्याची जाहीर कबुली मार्च २०१० मध्येच आली, अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या गुजरातच्या चार जिल्ह्यांतून. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेतच बीजी-टूही तिच्यापुढे तोकडं पडलं, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने कपाशीचं काय नुकसान केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

फरक विषात नाही, जेवणात आहे. अमेरिकन अळी हरभरा, तूर, टोमॅटो, मका असं काहीही खाते. माळव्याच्या पठारावर आणि निमाडात या पिकांवर, जिथे बीटीचा थेंबही नाही, तिची प्रचंड प्रजा वाढते. बीटीच्या शेतातून एखादी प्रतिकारक मादी वाचलीच तर तिला भेटणारा नर जवळजवळ नक्की हरभऱ्यावर किंवा तुरीवर वाढलेला, विषाला बळी पडणाऱ्या जातकुळीचा असतो. गुलाबी अळी मात्र जवळपास फक्त कपाशीवर जगते. भेंडीसारख्या कपाशीच्या नातलग झाडांवर थोडीफार. आणि कपाशी सगळीकडे बीटी. वाचलेल्या मादीला भेटतो तो नरही वाचलेलाच.

त्यात तिची राहणी फवाऱ्याला चकवणारी. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पाती (फुलकळी), फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते, शिरलेलं भोक बुजून जातं, बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. फुलात शिरली तर पाकळ्या आतून रेशमाने बांधल्या जातात, तीच डोमकळी. एक पिढी साधारण महिन्याभराची, हंगामात चार ते सहा पिढ्या. २००२ ते २०१० म्हणजे आठ हंगाम. निवडीला तीस-चाळीस फेऱ्या मिळाल्या.

त्या २५ ग्रॅमांचा हिशोब

पाकिटातला सर्वांत हुशार भाग हाच, आणि सर्वांत उशिरा आलेला.

गुलाबी अळीत क्राय-१-एसीचा प्रतिकार अप्रभावी प्रकारचा असतो. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक मिळालं तरच अळी बीटीवर जगते. एकाकडूनच मिळालं तर मरते. समजा सुरुवातीला हजार जनुकांत एक बिघडलेलं आहे. मग दोन्हीकडून बिघडलेलं मिळालेली अळी दहा लाखांत एक. शंभर टक्के शेत बीटी असेल तर ती एकच वाचते, आणि पुढची प्रजा सगळी तिच्यासारखीच. पहिली काही वर्षं शेत स्वच्छ दिसण्याचं आणि मग अचानक बिघडण्याचं कारण या हिशोबातच आहे.

आता पाच टक्के झाडं बिगर-बीटी आहेत असं धरा; यांनाच आसरा म्हणतात. तिथे सगळ्या अळ्या जगतात, पतंग सरमिसळ जुळतात. हजारात एक असलेलं जनुक पुढच्या पिढीत हजारात १.०२ होतं. म्हणजे दर पिढीला जेमतेम दोन टक्के वाढ. हा वेग परवडतो. पण तेच जनुक आधीच दहात एक झालेलं असेल तर? पाच टक्के आसऱ्यात ते पुढच्या पिढीत ०.१ वरून ०.२४, त्याच्या पुढे ०.६४ आणि तिसऱ्या पिढीत ०.९६. एकाच हंगामात खेळ खलास. वीस टक्के आसरा असता तर तीच वाटचाल ०.१, ०.१३, ०.१९, ०.३० अशी झाली असती. हे आकडे कागदावरचे आहेत, एका जनुकाचे, आणि एकाकडूनच बिघाड मिळालेली प्रत्येक अळी बीटीवर मरते असं धरून काढलेले; शेतात इतकं स्वच्छ काही नसतं. पण धडा स्पष्ट आहे: आसरा प्रतिकार रोखतो तो प्रतिकार दुर्मीळ असताना. तो पसरल्यावर २५ ग्रॅम बिगर-बीटी दाणे टाकणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं.

बीजी-टूची कल्पनाही याच हिशोबावर उभी होती. दोन वेगळ्या ग्राहकांना चिकटणारी दोन विषं. एकाला प्रतिकार दहा लाखांत एक, दोन्हींना मिळून दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. पण त्यासाठी दोन्ही विषं एकाच वेळी ताजी लागतात. प्रत्यक्षात २००१ मध्येच गुजरातेत परवानगी नसलेलं बीटी बियाणं शेतांत सापडलं होतं, त्यानंतर एका जनुकाचं अधिकृत बियाणं वर्षानुवर्षं विकलं गेलं, आणि दुसरं विष आल्यावरही पहिलं एकटं बाजारात राहिलंच. क्राय-१-एसी थकल्यावर सगळा भार क्राय-२-एबीवर आला. पुढे गुलाबी अळीत एबीसी-ए-२ या वाहक जनुकातले बिघाड सापडले आणि तोही रस्ता खुला झाला. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात तर एक नाही, अनेक वेगवेगळे बिघाड आढळले. निवड काही आखून करत नाही. जो बिघाड हाताशी असेल आणि जगवेल तो पसरतो.

संकरित बियाण्याचं दुखणं

या मुद्द्यावर आम्ही पाकिटाला सर्वांत कमी गुण देतो. भारतात बीटी कपाशी जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्याच्या रूपात विकली जाते. संकरित झाडात प्रत्येक विषाचं जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेलं असतं, म्हणजे एकच प्रत. झाडाच्या पानांत, बोंडाच्या सालीत दोन्ही विषं असतात. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. तिथे जनुकं वाटली जातात. सोळा दाण्यांत सरासरी नऊंत दोन्ही विषं, तिघांत फक्त पहिलं, तिघांत फक्त दुसरं आणि एकात काहीच नाही.

गुलाबी अळी नेमकी सरकी खाते. एका बोंडात वीस-तीस दाणे, त्यांत कुठे पूर्ण विष, कुठे अर्धं, कुठे शून्य. अशा ताटात जी अळी पूर्ण विषाने मेली असती तीही कधी कधी निभावते, विशेषतः एकाच पालकाकडून बिघाड मिळालेली. आसऱ्याचा सगळा हिशोब ‘एकाकडूनच बिघाड मिळालेली अळी मरते’ यावर उभा. तोच इथे ढिला पडतो. भर म्हणून, पीक ११० दिवसांच्या पुढे गेलं की झाडातलं क्राय-१-एसी घटत जातं. १८० ते २०० दिवसांचे वाण लावून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड (वेचणीनंतरही राखलेलं पीक) ठेवली की अळीला अर्धं विष आणि जास्तीच्या पिढ्या, दोन्ही मिळतात.

तेच तंत्र, दुसरे हात

तंत्रच कुचकामी, असं म्हणणाऱ्यांनी दोन ठिकाणं पाहावीत. अमेरिकेत अॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बीटी लावली आणि बिगर-बीटी आसरा खरोखर ठेवला. गुलाबी अळी तिथे दहा वर्षं विषाला बळी पडतच राहिली. २००६ पासून विमानांतून वांझ केलेले पतंग सोडले गेले, जेणेकरून उरलेल्या प्रतिकारक माद्यांना जोडीदार मिळाला तरी पिल्लं होऊ नयेत. २०१८ साली अमेरिकेने कपाशीचा पट्टा गुलाबी अळीमुक्त जाहीर केला.

चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात गोष्ट जवळजवळ अपघाताने जमली. २०१० च्या सुमारास शेतकऱ्यांनी संकरित बीटीची दुसऱ्या पिढीची स्वस्त सरकी लावायला सुरुवात केली. त्यात चौथा हिस्सा झाडं बिगर-बीटी निघतात, तीही शेतभर विखुरलेली. प्रतिकाराचं प्रमाण वाढत होतं ते उलटं फिरलं. प्रतिकारक अळीला बिगर-बीटी झाडावर थोडी किंमत मोजावी लागते, तिची वाढ मंदावते. आसरा मोठा असला की ही किंमत तिला मागे खेचते. मात्र तिथे विषमुक्त पूर्ण झाडं होती, आपल्याकडे पूर्ण विषारी झाडावर सरमिसळ बोंडं. वरकरणी सारख्या वाटणाऱ्या या दोन गोष्टींचा निवडीवरचा परिणाम उलटा आहे.

लावताना

निमाडातल्या ओलिताच्या शेतांत मे महिन्यातच कपाशी टोकायची सवय आहे. ती मोडा. हिवाळ्यात सुप्तावस्थेत गेलेल्या अळ्यांचे पतंग उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात निघतात. त्यांना पाती-फुलं सापडली नाहीत तर अंडी वाया जातात. मेच्या कपाशीला नेमकी तेव्हा पाती असते. महाराष्ट्रात काही वर्षं १ जूनच्या आत बियाणं विकू दिलं नाही ते याचसाठी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर टोकण करा. वाण १४० ते १६० दिवसांत संपणारा घ्या, पाकिटावर मुदत वाचा. बोंडाच्या आकारापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

विरळणी करताना आणि नांग्या (न उगवलेल्या जागा) भरताना बिगर-बीटी झाडं आपोआप कमी होतात. पोखरलेलं, मरतुकडं झाड आधी उपटलं जातं आणि ते बरेचदा बिगर-बीटीच असतं. बटाईदाराला हे सांगून ठेवा: अमेरिकन अळीने खाल्लेलं एखादं झाड दिसलं तर ते राहू द्यावं.

आसऱ्याचे दाणे खरंच आहेत का, हे तपासता येतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने विकसित केलेल्या प्रकारच्या पट्ट्या मिळतात. पानाचा छोटा तुकडा नळीत द्रावणासह चुरडायचा, पट्टी बुडवायची, दहाएक मिनिटांत रेघ उमटते. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर ती पट्टी बाद. दोन्ही विषांची पट्टी मागा. फक्त क्राय-१-एसीची पट्टी अर्धीच गोष्ट सांगते. किती झाडं तपासायची, इथे लोक चुकतात. वीस झाडं तपासून एकही बिगर-बीटी सापडलं नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका: पाच टक्के मिश्रण अगदी बरोबर असलं तरी वीसांत एकही न सापडण्याची शक्यता ३६ टक्के आहे. साठ झाडं तपासली तर ती पाच टक्क्यांखाली येते. साठ पट्ट्यांचा खर्च एकट्याने करण्यासारखा नाही. एकाच लॉटचं बियाणं घेतलेल्या चार-पाच जणांनी मिळून करावा.

पाती लागली की एकरी दोन कामगंध सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. सापळ्यातली वासाची गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला, आणि काढलेली जुनी गोळी शेतात टाकू नका, पतंग तिच्याकडेही वळतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त नर आले तर उपाय सुरू करा. सापळ्यांवर विसंबून राहू नका. दर आठवड्याला शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोन पोखरलेली निघाली की दहा टक्क्यांची पातळी आली. डोमकळ्या दिसताच तोडून जाळा. फवारणीत दर वेळी कीटकनाशकाचा गट बदला, नुसतं ब्रँडचं नाव बदलून उपयोग नाही. लेबलवरचं घटकाचं नाव वाचा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं नोव्हेंबरच्या आधी मारलीत तर पांढरी माशी उसळते.

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो शेवटच्या दोन महिन्यांत. सुप्तावस्थेत जाऊन पुढच्या हंगामाचं बीज ठरणाऱ्या अळ्या याच शेवटच्या पिढ्यांतल्या. डिसेंबर संपेपर्यंत शेत मोकळं करा, उरलेली बोंडं मेंढ्या-बकऱ्यांना चरू द्या, पराटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) बांधावर रचून ठेवू नका. हा उपाय प्रतिकारक आणि साधी, दोन्ही अळ्या सारख्याच मारतो, म्हणून त्यातून विषाच्या प्रतिकाराला बढती मिळत नाही. अर्थात निवड तिथेही थांबत नाही. दरवर्षी डिसेंबरातच शेत रिकामं झालं तर लवकर सुप्त होणाऱ्या अळीचं फावणार. म्हणून एकाच उपायावर सगळं सोडायचं नसतं.

पराटीचं काय करायचं याचं उत्तर खरं तर इंदुरातच शोधलं गेलं. १९२४ साली इथे कापूस संशोधनासाठी निघालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ‘इंदूर पद्धती’चं कंपोस्ट बसवलं. कपाशीच्या कडक काड्या कुजत नाहीत ही त्यांचीही अडचण होती. त्यांनी त्या शेतरस्त्यांवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या आणि मग शेण-मातीत थरांनी रचल्या. आज तेच काम श्रेडर करतो. ढीग नीट तापला, साठ अंशांच्या वर गेला, तर काड्यांतल्या बोंडांत लपलेली अळी उरत नाही.

दुकानातली सेवा

इंदूरच्या दुकानांची सेवा सांगायची तर वाणांची उपलब्धता उत्तम, माहिती सुमार. मुदत किती दिवसांची, हे विचारल्यावर पाकीट उलटून न बघता उत्तर देणारा विक्रेता अपवादाने भेटतो. बिगर-बीटी अमेरिकन संकरित बियाणं स्वतंत्रपणे मागितलंत तर बहुतेक ठिकाणी नकारार्थी मान हलते. देशी कपाशी हवी असेल तर हंगामाआधीच सांगून ठेवावं लागतं. विचारताना लॉट क्रमांक, उगवण चाचणीची तारीख आणि लेबलवरची उगवण टक्केवारी बघा; संकरित कपाशीला किमान ७५ टक्के उगवण हवी.

बिनबिलाचं, तणनाशक सहन करणारं म्हणून कुजबुजत विकलं जाणारं पाकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. त्याला परवानगी नाही, आत बीटीचं कुठलं जनुक आहे याची खात्री नाही, आसऱ्याचे दाणे तर नाहीतच. अधिकृत पाकिटाचं बिल, रिकामं पाकीट आणि त्यातले शंभरेक दाणे पीक निघेपर्यंत कोरड्या डब्यात ठेवा. उगवणीची तक्रार करायची वेळ आली तर कृषी विभागाचा माणूस आधी हेच मागतो. दाणे हाताळताना हातमोजे घाला आणि डबा स्वयंपाकघरात ठेवू नका, त्यांच्यावर कीटकनाशक असतं.